गावाचा माळ आणि सशांचा खटला

गोल्फ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कुंपण, पहारेकरी आणि सभासदत्वाची भलीमोठी फी येते. या खेळाचं माहेरघर मानलेलं स्कॉटलंडमधलं सेंट अँड्र्यूजचं ‘ओल्ड कोर्स’ मात्र सार्वजनिक जमिनीवर आहे. शेजारच्या ‘रॉयल अँड एन्शंट’ क्लबची इमारत इतकी रुबाबदार, की मैदानही त्यांचंच असेल असं वाटतं. ते त्यांचं नाही.

समुद्रकाठच्या अशा वाळूमिश्रित, गवताळ, शेतीला निरुपयोगी पट्ट्याला तिकडे ‘लिंक्स’ म्हणतात. आपल्या गायरानाचाच प्रकार. १५५२ मध्ये आर्चबिशप हॅमिल्टन यांना तिथे ससे पाळायचे होते. त्या वेळच्या सनदेत गावकऱ्यांचे हक्क लिहून ठेवले गेले : गुरं-मेंढरं चारणं, गोल्फ, फुटबॉल, नेमबाजी. त्याआधी १४५७ मध्ये राजा दुसऱ्या जेम्सच्या काळात, लोक धनुर्विद्येचा सराव सोडून खेळतात म्हणून गोल्फ आणि फुटबॉलवर बंदी आली होती. बंदी कायद्यात राहिली, खेळ माळावर चालू राहिला.

खरं संकट आलं १७९७ मध्ये. नगरपालिका कर्जात बुडाली आणि तिने हा माळ विकून टाकला. पुढे व्यापाऱ्यांनी तिथे सशांची पैदास सुरू केली. सशांनी मैदान पोखरलं. वीसेक वर्षं कोर्टकचेऱ्या आणि प्रत्यक्ष हाणामाऱ्याही झाल्या. १८२१ मध्ये जेम्स चीप या जमीनदाराने जमीन विकत घेऊन खेळ वाचवला. म्हणजे सनद हाताशी असूनही गाव एका धनिकाच्या मर्जीवर तगलं. गायरानांचे वाद ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना याचं नवल वाटणार नाही. १८९४ मध्ये संसदेच्या कायद्याने माळ पुन्हा नगरपालिकेकडे आला आणि १९७४ पासून तो एका सार्वजनिक विश्वस्त संस्थेकडे आहे.

मैदानाची रचनाही माळानेच ठरवली. पट्टा अरुंद, म्हणून गावापासून दूर जायचं आणि त्याच वाटेने परतायचं. जाता-येता तेच होल वापरत. १७६४ मध्ये सुरुवातीच्या चारांचे दोन केले, तशी फेरी २२ वरून १८ वर आली, आणि पुढे जगभर १८ हाच आकडा रूढ झाला. गर्दी वाढल्यावर एकाच हिरवळीवर दोन-दोन होल आले. अशा सात जोड-हिरवळी आहेत. प्रत्येक जोडीच्या क्रमांकांची बेरीज १८ भरते : दुसरा-सोळावा, तिसरा-पंधरावा, असं. शंभरावर वाळूचे खड्डे आहेत. त्यातले काही वाऱ्यापासून आडोसा शोधणाऱ्या मेंढ्यांनी केले, असं सांगतात.

फी आजही स्वस्त नाही, पण बाहेरच्या कुणालाही सोडतीत नाव घालता येतं. क्लबने बायकांना सभासदत्व द्यायला मात्र २०१४ साल उजाडू दिलं. रविवारी एरवी खेळ बंद असतो. गावकरी कुत्री घेऊन फिरतात. पहिल्या आणि अठराव्या होलच्या मधून एक सार्वजनिक रस्ता आडवा जातो. माणसं तिथून ये-जा करतात आणि तेवढा वेळ खेळाडू थांबतात.