परभणी जिल्ह्यांतील लोकसेवेचीं मंडळें

सेवाभावी मंडळांचा इतिहास सांगावयाचा म्हटलें म्हणजे वक्ता बहुधा अमेरिकेपासून आरंभ करतो. १९०५ सालीं शिकागो शहरांत पॉल हॅरिस नांवाच्या वकिलानें तीन मित्र जमवून रोटरी क्लब काढला व १९२९ सालीं त्याची शाखा मुंबईंत निघाली. हें सर्व खरें आहे. परंतु त्याच १९०५ सालच्या जून महिन्यांत गोपाळ कृष्ण गोखले यांनीं पुण्यास भारत सेवक समाज स्थापिला, आणि त्या समाजाचे ना. म. जोशी यांनीं १९११ सालीं मुंबईंत सोशल सर्व्हिस लीग काढून कामगारांच्या वस्तींत रात्रीच्या शाळा व वाचनालयें चालविलीं. म्हणजे लोकसेवेची कल्पना आपणांकडे केवळ बोटींतून उतरली असें नाहीं. मला आज जी हकीकत सांगावयाची आहे ती मात्र पुण्यामुंबईची नसून, जेथें चार माणसांनीं एकत्र बसणें हेंच संशयास्पद ठरत असे अशा एका मुलखाची आहे.

परभणी तेव्हां निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होती. जिल्ह्यांतील बहुसंख्य लोक मराठी बोलत. पण १८८४ पासून दरबाराची व कचेरीची भाषा उर्दू झालेली होती. १९०० च्या सुमारास मनमाडहून सिकंदराबादेस जाणारी गोदावरी खोऱ्यांतील रेल्वे या बाजूनें गेली. १८९९-१९०० चा भयंकर दुष्काळ नुकताच सरला होता. अशा वेळीं, १९०१ सालीं, परभणींत गणेश वाचनालयाची स्थापना झाली. आगगाडी आणि वाचनालय यांचें हें एकामागून एक येणें मला निव्वळ योगायोगाचें वाटत नाहीं. पुण्यामुंबईचीं वर्तमानपत्रें आतां गाडीनें येऊं शकत होतीं, आणि आलेला अंक एकानें मोठ्यानें वाचावा व दहांनीं ऐकावा अशी त्या काळची रीत होती. अक्षरओळख नसलेला माणूसहि त्यामुळें वाचक होई.

परंतु वाचनालयाचा खरा उपयोग पुस्तकांपुरता नव्हता, हें ध्यानांत घेतलें पाहिजे. वाचनालय म्हटलें कीं सभासद आले, वर्गणी आली, चिटणीस आला आणि वर्षाअखेर हिशेब वाचून दाखविणें आलें. ज्या राज्यांत गांवचा कारभार वरून येणाऱ्या हुकुमानें चाले, तेथें आपला चिटणीस आपण निवडणें ही लहान गोष्ट नव्हे. पैशापैशाचा जाब मागण्याची संवय लोकांस येथेंच लागली. निजाम सरकारनें हैदराबादेंत १८९० नंतरच्या वर्षांत मोठें ग्रंथालय उघडलें व १९१८ सालीं उस्मानिया विद्यापीठ काढलें, याचें श्रेय त्यास दिलेंच पाहिजे. तथापि सरकारनें दिलेलें ग्रंथालय आणि चार आण्यांच्या वर्गणीनें उभें राहिलेलें वाचनालय या दोहोंत केवढें अंतर आहे!

या जिल्ह्यानें एक थोर संस्थापकहि दिला. केशवराव कोरटकर यांचा जन्म १८६७ सालीं वसमतजवळील पुरजळ येथें झाला. ते पुढें हैदराबादेस न्यायमूर्तिपदास पोंचले. परंतु त्यांचें नांव राहिलें तें न्यायासनामुळें नव्हे; १९०७ च्या सुमारास त्यांनीं व वामनराव नाईक प्रभृति मंडळींनीं हैदराबादेंत विवेकवर्धिनी शाळा उभी केली, त्यामुळें.

पुढचा काळ कठीण आला. १९२४ सालीं खाजगी शाळांवर कडक नियम लादण्यांत आले; परवानगीवांचून शाळा काढणें अशक्य झालें व अनेक लहान शाळा बंद पडल्या. त्याच दशकांत सभांनाहि पूर्वपरवानगी लागूं लागली. 'गश्ती निशाण त्रेपन्न' हे शब्द जुन्या मंडळींच्या तोंडीं अनेक वर्षें होते, ते याच हुकुमाचे. राजकारणाचीं दारें मिटलीं तेव्हां वाचनालय, व्यायामशाळा, गणेशोत्सव, व्याख्यानमाला हींच लोकांचीं विद्यापीठें झालीं. १९३७ सालीं महाराष्ट्र परिषदेचें पहिलें अधिवेशन परतूर येथें भरलें. परतूर त्या वेळीं परभणी जिल्ह्यांत होतें. एवढ्या आडगांवीं परिषद भरविण्यास मांडव घालणारे, पाणी भरणारे, पाहुण्यांस उतरून घेणारे हात लागतात, आणि असे हात एका दिवसांत तयार होत नाहींत.

येथें एक गोष्ट न लपवितां सांगितली पाहिजे. हीं मंडळें सर्वांचीं नव्हतीं. वकील, शिक्षक, व्यापारी यांचाच त्यांत भरणा असे. स्त्रिया क्वचित् दिसत, आणि अस्पृश्य मानलेल्या बंधूंस तर ओट्याच्या खालींच थांबावें लागे. म्हणून त्यांना स्वतःच्या संस्था काढाव्या लागल्या. डॉ. आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेनें १९२५ सालीं सोलापुरास विद्यार्थिवसतिगृह उघडलें, तीहि सेवाच होती. किंबहुना अधिक निकडीची सेवा होती. हिंदु व मुसलमान शेजाऱ्यांमध्यें मराठी व उर्दू वाचनाच्या दोन वेगळ्या खोल्या झाल्या, त्याचीहि किंमत पुढें द्यावी लागली.

१७ सप्टेंबर १९४८ रोजीं संस्थान मुक्त झालें. १९५५ सालीं हैदराबाद राज्याचा व १९६७ सालीं महाराष्ट्राचा ग्रंथालय कायदा झाला, अनुदान आलें. कपाटें भरलीं, परंतु वर्गणी देऊन जाब विचारणारा सभासद थोडा मागें पडला, असें मला वाटतें. १९५६ नंतर लायन्स क्लबाच्या शाखा देशांत पसरल्या, १९६९ सालीं राष्ट्रीय सेवा योजनेनें महाविद्यालयीन मुलें खेड्यांत नेलीं. रोटरीनें १९८५ पासून पोलिओविरुद्ध जी मोहीम धरली, तींत सरकारी सेविकांच्या जोडीनें हजारों स्वयंसेवक राबले. १३ जानेवारी २०११ नंतर भारतांत त्या रोगाच्या नैसर्गिक विषाणूचा नवा रोगी आढळला नाहीं आणि २०१४ सालीं देश पोलिओमुक्त ठरला.

परतूर १९८१ सालीं जालना जिल्ह्यांत गेलें, पुरजळ १९९९ पासून हिंगोलींत आहे. जुन्या परभणीची ही हकीकत आतां तीन जिल्ह्यांत विखुरली आहे. आपणांपैकीं कोणाच्या घरीं एखाद्या मंडळाची जुनी ठरावांची वही किंवा वर्गणीचें पावतीपुस्तक माळ्यावर पडलें असेल, तर तें रद्दींत घालण्यापूर्वीं कृपा करून जवळच्या वाचनालयाच्या चिटणिसांस दाखवावें.