बायो-बबल: साउदॅम्प्टन ते नेरूळ

10 मार्च 2020 रोजी नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर इंडिया लेजंड्स आणि श्रीलंका लेजंड्स हा निवृत्त क्रिकेटपटूंच्या मालिकेतला सामना झाला. त्यानंतर तीनच दिवसांत कोविडमुळे राज्य सरकारने 1897 चा साथरोग कायदा लागू केला. हा कायदा मुंबईतल्या प्लेगच्या साथीत झालेला. ती मालिका थांबली आणि 29 मार्चला वानखेडेवर सुरू होणारी आयपीएल पुढे ढकलली गेली.

खेळ बंद करायला सव्वाशे वर्षांपूर्वीचा कायदा पुरला. तो पुन्हा सुरू कसा करायचा, हे मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं. 1919 मध्ये फ्लूच्या साथीत स्टॅन्ले कपची आइस हॉकीची अंतिम लढत अर्ध्यावर सोडावी लागली आणि जो हॉल हा खेळाडू दगावला. ताप चढल्यावरच माणूस आजारी आहे हे कळायचं. 2020 मध्ये हाताशी आरटी-पीसीआर होती. ताप नसलेला बाधितही तिच्यात सापडे. बायो-बबल, म्हणजे खेळाडूंना बाहेरच्यांपासून वेगळं ठेवणारी व्यवस्था, उभा राहिला तो या चाचणीच्या आधारावर.

मे महिन्यात जर्मनीची बुंडेसलिगा रिकाम्या स्टँडसमोर सुरू झाली. 8 जुलैला साउदॅम्प्टनला इंग्लंड-वेस्ट इंडिज कसोटी झाली. तिथे हॉटेल मैदानालाच लागून असल्याने खेळाडूंना बाहेर पडायची गरजच नव्हती. पुढच्या कसोटीला जाताना इंग्लंडचा जोफ्रा आर्चर वाटेत घरी गेला आणि संघाबाहेर बसला. अमेरिकेतल्या एनबीएने 22 संघ ऑर्लँडोच्या डिस्ने वर्ल्डमध्ये नेऊन ठेवले. आयपीएल अमिरातीत गेली. इंडियन सुपर लीगचा अख्खा हंगाम गोव्यात फातोर्डा, बांबोळी आणि वास्को या तीन मैदानांवर पार पडला.

यांतल्या बहुतेकांत समान गोष्ट म्हणजे प्रवास कमी. 2021 ची आयपीएल सहा शहरांत ठेवताना नेमकं हेच सुटलं. संघ विमानाने अहमदाबाद आणि दिल्लीला पोहोचले, बबलमध्येच बाधित सापडले आणि 4 मे रोजी स्पर्धा थांबवावी लागली. म्हणून 2022 चे साखळी सामने मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यातच ठेवले. सत्तरपैकी वीस नेरूळला आले. सगळा प्रवास बसने.

पण त्याआधी जानेवारीत नेरूळच्या याच मैदानावर जे घडलं, ते मला या साऱ्या इतिहासात सर्वांत बोचतं. महिलांचा आशियाई फुटबॉल चषक भारतात होता. 20 तारखेला भारताने इराणशी गोलशून्य बरोबरी साधली. 23 तारखेला चिनी तैपेईशी सामना होता आणि संघातल्या बारा जणी बाधित निघाल्या. आशियाई महासंघाच्या कोविड नियमानुसार तेरा खेळाडू उभ्या करता आल्या नाहीत, तर संघाने माघार घेतली असं धरायचं. सामना पुढे नेला गेला नाही. संघ स्पर्धेबाहेर गेला आणि इराणविरुद्धचा निकालही रद्द ठरला. विश्वचषकाची पात्रता याच स्पर्धेतून ठरणार होती. घरच्या मैदानावर आलेली ती संधी या मुलींच्या हातून न हरताच गेली.

दोन महिन्यांनी आयपीएलचा नियम वेगळा होता. बारा खेळाडू उपलब्ध नसतील, तर सामना नव्या तारखेला घ्यायचा प्रयत्न करायचा आणि तेही जमलं नाही, तर तांत्रिक समितीकडे जायचं. एप्रिलमध्ये दिल्ली कॅपिटल्समध्ये रुग्ण सापडले. पुण्यापर्यंतच्या लांब बसप्रवासात न उमगलेला एखादा रुग्ण असू शकेल, या धास्तीने त्यांचा पंजाबविरुद्धचा सामना मुंबईतच ब्रेबॉर्नवर आणला. 20 एप्रिलला तो झाला आणि दिल्लीने जिंकलाही.

आयपीएलकडे पैसा होता, दोन महिन्यांचा कालावधी होता. आशियाई चषक अडीच आठवड्यांचा होता, तारखा हलवायला जागा कमी होती, हे मान्य. तरी बबल फुटू शकतो हे अहमदाबाद आणि दिल्लीत सर्वांना कळून चुकलं होतं. हॉटेलचे कर्मचारी, स्वयंपाकी, चालक यांच्याशिवाय कुठलाही संघ राहू शकत नाही. फुटल्यावर काय करायचं, हे आधी लिहून ठेवणं हाच नियोजनाचा गाभा, आणि नेमका तोच भाग खेळाडूंच्या विरोधात लिहिला गेला.

पुढच्या साथीची वाट न पाहता अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने आशियाई महासंघाकडे एक मागणी लेखी करावी. साथीमुळे संघ अपुरा पडला, तर बाद करण्याआधी निदान एक राखीव तारीख द्या.