बझर आणि भोंगा

‘बझर’ हा शब्द मराठीत आता परका राहिलेला नाही. साहेबाच्या टेबलावरील कळ, प्रश्नमंजूषेतील स्पर्धकापुढचे बटण, सामन्याची वेळ संपल्याची खूण, या सर्वांस आपण बझर म्हणतो. ‘गुणगुण करणारे विद्युत्-उपकरण’ एवढा अर्थ सांगून भागण्यासारखे आहे. परंतु शब्दाचे पूर्वचरित्र पाहू लागले की एक वेगळाच प्रश्न उभा राहतो : आवाज कोणी करावयाचा आणि तो ऐकून कोणी उठावयाचे?

मूळ इंग्रजी क्रियापद मधमाशीच्या गुंजारवाचे अनुकरण होय. आरंभी बझर हे यंत्र नव्हेच. तो मनुष्य होता. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’ नाटकाच्या चौथ्या अंकात राजा क्लॉडिअस लेअर्टीझच्या कानाशी लागणाऱ्या चहाडखोरांना उद्देशून हा शब्द योजतो. (इंडोनेशियात समाजमाध्यमांवर मोबदला घेऊन राजकीय प्रचार करणाऱ्यांस आज बझर म्हणतात, चारशे वर्षांनी शब्द पुन्हा माणसास चिकटला, ही मौजच म्हणावयाची.) एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर इंग्लंडमधील कारखान्यांच्या व कोळशाच्या खाणींच्या गावी वाफेवर वाजणाऱ्या कर्ण्यास हे नाव मिळाले. एकाच्या कानाशी कुजबुजणारा आता साऱ्या गावावर ओरडू लागला.

हीच वस्तू मुंबईत आली, पण येथे नाव रूढ झाले ते ‘भोंगा’. कावसजी दावर यांनी १८५४ साली स्थापिलेली गिरणी १८५६ मध्ये चालू झाली, आणि पुढील अर्धशतकात परळ-लालबागचा परिसर गिरण्यांनी व्यापला. विजेचे दिवे येईपर्यंत काम सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चाले. म्हणजे ऋतुमानाप्रमाणे दिवस लहानमोठा होई. विसाव्या शतकाच्या आरंभी दिवे आले आणि कामाचे तास काही गिरण्यांत चौदांच्याही पलीकडे गेले. सर्वसाधारण कामगारापाशी घड्याळ नसे. ते असे गिरणीत, मालकाच्या ताब्यात. भोंगा म्हणजे त्या घड्याळाची वाचा. उशीर झाल्यास दंड होई, आणि उशीर झाला की नाही हे ठरविणाराही मालकच. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभारली व १८९० मध्ये रविवारची सुटी मिळविली. तीत भोंग्याला एक दिवस गप्प बसविण्याचा अर्थ होताच.

१ जानेवारी १९०६ पासून सरकारने प्रमाण वेळ लागू केली. मुंबईची स्थानिक वेळ तिच्याहून सुमारे ३९ मिनिटे मागे होती. नव्या घड्याळातील सकाळचे सहा म्हणजे जुन्या हिशेबाने पाच वाजून एकवीस मिनिटे. कामगाराला तेवढे अधिक अंधारात उठावे लागणार. त्याच महिन्यात कित्येक हजार कामगारांनी काम नाकारून गिरणीवर दगडफेक केली. या घटनेकडे अडाण्यांचा हट्ट म्हणून पाहण्याची प्रवृत्ती आढळते. ती आम्हांस मान्य नाही. घड्याळ पुढे सरकविल्याने झोप कोणाची तुटते, हे त्यांनी अचूक ओळखले होते. शिवाय हट्टच म्हणावयाचा, तर सुशिक्षितांच्या मुंबई महापालिकेनेही १९५० पर्यंत स्थानिक वेळ सोडली नाही!

१९४८ च्या कारखाना कायद्याने प्रौढांच्या कामाची मर्यादा दिवसास ९ व आठवड्यास ४८ तास ठरविली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर बहुतेक गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. ‘भोंगा’ म्हटल्यावर नव्या पिढीस ध्वनिवर्धकाचा कर्णाच आठवतो.

इंग्रजीत एकाच शब्दाखाली राहिलेल्या दोन वस्तू मराठीने निराळ्या केल्या, हे लक्षणीय आहे. विजेच्या बझराची रचना अगदी साधी : प्रवाह सुरू होताच विद्युच्चुंबक लोखंडी पट्टी ओढतो, ओढताना मंडल तुटते, पट्टी मागे येते, मंडल पुन्हा जुळते, ही कंपने म्हणजेच तो आवाज. घंटेचा टोल काढून टाकल्यावर जे उरते ते हे. भोंगा हजारोंना हाकारी, कचेरीतील बझर एकट्या शिपायाला उठवितो. हुकमाची दिशा मात्र दोन्हींत एकच, वरून खाली. प्रश्नमंजूषेत ती प्रथमच उलटली : तेथे कळ दाबणाराच उत्तर देण्यास बांधला जातो.