उसाचे कूळ आणि काशाचे मूळ

ह्या व्याख्यानमालेत आम्ही उभे राहिलो म्हणजे पगारवाढ, बोनस, गिरणी नाहीतर गोदी ह्यांपैकी काहीतरी निघणार, अशी श्रोत्यांची अटकळ असते. आज ती चुकणार आहे. आज आम्हांला उसाच्या कुळाविषयी बोलायचे आहे. वर्सोव्याच्या खाडीकाठी ऊस पिकत नाही. आमच्या वस्तीतल्या लोकांचा उसाशी संबंध घुंगरू वाजवणाऱ्या रसवंतीपुरता आणि चहातल्या साखरेपुरता. पण पुरंदरच्या माणसाने कानिफनाथाचे किंवा नवनाथाचे नाव देऊन थाटलेल्या त्या रसवंतीच्या चरकात जे कांडे पिळले जाते, त्याच्यामागे शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे आणि तो मजुराला ठाऊक असायला हवा, असे आमचे मत आहे. आम्ही तो पुस्तके वाचून आणि जाणत्यांना विचारून शिकलो. विद्यापीठाची पायरी आम्ही चढलेलो नाही. तेव्हा शास्त्राच्या पंडितांनी आमची भाषा पदरात घ्यावी.

प्रथम एक जुना शब्द. आमच्या आज्यांच्या पिढीत पांढऱ्या साखरेला ‘मोरस’ म्हणत. मोरस म्हणजे मॉरिशस. ज्या देशाने जगाला ‘शर्करा’ हा शब्द दिला, त्या देशाच्या बंदरांत मॉरिशसची आणि पुढे जावाची साखर उतरत असे. १९२९-३० साली बाहेरून येणारी साखर दहा लाख टनांच्या घरात गेली होती. आपल्याकडे ऊस नव्हता असे नाही. लागवडीच्या क्षेत्रात हिंदुस्थान पुढेच होता. पण उत्तरेकडचा ऊस बोटाएवढा बारीक, कणखर आणि उताऱ्याला कमी. दक्षिणेत पुंड्यासारखे जाड, रसाळ ऊस होते. पण त्यांचे लाड फार. भरपूर पाणी, भरपूर खत, आणि रोग आला की आडवे.

उसाची एक गोष्ट ध्यानात घेतली नाही तर पुढचे काही समजणार नाही. ऊस बी पेरून लावत नाहीत, कांडी लावतात. म्हणजे एका शेतातले हजारो ऊस हे बाप-लेक नव्हेत, भाऊ-भाऊही नव्हेत. ते एकाच झाडाचे तुकडे होत. एका जातीचा सारा मुलूख म्हणजे एकच देह. जो रोग एकाला मारील तो सर्वांना मारील. जावात नेमके हेच झाले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘सेरे’ नावाच्या रोगाने तिथले जाड, गोड, देखणे ऊस खुरटवून टाकले. उसाला खरे बी धरते आणि ते उगवते, ही गोष्ट १८८७-८८ च्या सुमारास जावात व बार्बाडोसमध्ये पक्की झाली होती, म्हणून बरे. त्याआधी उसाचा तुरा हा निव्वळ तोटा समजला जाई. दख्खनच्या शेतकऱ्याला तो आजही तोटाच वाटतो, कारण तुरा आला की वाढ थांबते. संकरकाराची मात्र सारी पुंजी त्या तुऱ्यात असते.

आता काश. नदीकाठी, ओढ्याच्या कडेला, पडीक रानात वाढणारे, पावसाळा संपता संपता पांढऱ्या तुऱ्यांनी डोलणारे हे गवत आपण सर्वांनी आगगाडीच्या खिडकीतून पाहिलेले आहे. संस्कृत कवींनी ते शरदाची खूण म्हणून गायिले. शेतकऱ्याने त्याला शिव्याच दिल्या, कारण त्याचे मूळ खोल जाते आणि खणून काढले तरी पुन्हा उठते. रस जवळजवळ नाहीच. वनस्पतिशास्त्रात त्याचे नाव सॅकॅरम स्पॉन्टेनियम. जाड गोड उसाचे नाव सॅकॅरम ऑफिसिनॅरम. दोघांचे घराणे एकच. डच लोक जाड उसाला ‘कुलीन’ ऊस म्हणत, आणि रानटी रक्त घातलेल्या संकराला पुन्हा पुन्हा कुलीन उसाशी जोडण्याच्या पद्धतीला त्यांनी ‘कुलीन करून घेणे’ अशा अर्थाचा शब्द काढला. शब्द साहेबी खरा, पण घडले ते उलटच: कुलीन बिछान्याला खिळलेला आणि त्याला उठवून बसवणारा रस्त्यावरचा. जावात १९२१ साली केलेल्या संकरातून पीओजे २८७८ ही जात निघाली आणि १९२९ पर्यंत त्या बेटावरचे बहुतेक सारे मळे तिने व्यापले.

हिंदुस्थानातले काम याच्याही आधीचे. १९१२ साली कोइमतूर येथे ऊस-पैदास केंद्र निघाले. जागा विचारपूर्वक निवडलेली. उत्तरेकडे उसाला धड तुरा येत नाही, आला तरी बी धरत नाही. कोइमतूरला दोन्ही होते. चार्ल्स बार्बर हे तिथले पहिले तज्ज्ञ, आणि त्यांच्या हाताखाली टी. एस. वेंकटरामन. त्यांनी ‘वेल्लै’ नावाच्या जाड उसावर कोइमतूरच्याच काशाचा पराग टाकला. त्या संततीतून निवडलेली जात को २०५. १९१८ साली ती पंजाबच्या शेतकऱ्याकडे गेली. ‘को’ म्हणजे कोइमतूर. पुढे उत्तर हिंदुस्थानचा बारीक देशी ऊस ह्या ‘को’ जातींनी पाहता पाहता हटवला.

इथे थोडे अंकगणित करू, कारण त्यात मोठी मौज आहे. प्रत्येक जीवाच्या पेशीत गुणसूत्रे असतात. माणसाची ४६, भाताची २४, ज्वारीची २०. नियम असा, की आई निम्मी देते, बाप निम्मी देतो. वेल्लैची गुणसूत्रे ८०, कोइमतूरच्या काशाची ६४. निम्मे-निम्मे धरले तर को २०५ ला ७२ हवीत. मोजली तेव्हा भरली ११२! म्हणजे आईने आपली ८० च्या ८० दिली आणि बापाने नियमाप्रमाणे ३२. डच शास्त्रज्ञ ब्रेमर यांनी १९२० नंतरच्या दशकात जावाच्या उसात हा प्रकार उलगडून दाखवला. उसाच्या पैदाशीतला हा अपवाद फार उपयोगी ठरला: गोडवा आईकडून सगळाच्या सगळा आला, आणि काशाचा काटकपणा वर. आजच्या जातींत शंभर ते एकशेतीस गुणसूत्रे असतात आणि त्यांतला बहुतेक भाग कुलीन उसाचा, थोडा काशाचा. हे गुंतवळ इतके किचकट की भाताचा, ज्वारीचा जनुक-आराखडा पूर्ण होऊन वर्षे लोटली तरी लागवडीच्या उसाचा तपशीलवार आराखडा २०२४ साली प्रसिद्ध झाला, तोही रीयुनियन बेटावरच्या आर ५७० ह्या एका जातीचा.

कोइमतूरमध्ये एक बाई काम करीत होत्या. जानकी अम्माळ, जन्म १८९७, तलश्शेरीच्या. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट १९३१ साली मिळवून त्या १९३४ मध्ये इथे आल्या. काशाच्या निरनिराळ्या वाणांची गुणसूत्रे मोजणे, ऊस आणि मका यांचा संकर करणे, अशी त्यांची कामे. वेंकटरामन यांनी ज्वारीशी आणि बांबूशीही उसाचा संबंध जुळवून पाहिला होता. ज्वारीपासून लवकर पिकणारा ऊस मिळेल ही आशा होती. शेतकऱ्याच्या हाती पडेल अशी जात त्यातून आली नाही, पण ज्वारी, मका, ऊस ही एका वाड्यातली भावंडे आहेत हे सिद्ध झाले. जानकीबाई स्त्री, एकट्या राहणाऱ्या, आणि जातीने मागास ठरवलेल्या. त्यांच्या वाट्याला तिथे जे आले ते लक्षात घेता त्या १९४० च्या सुमारास इंग्लंडला निघून गेल्या याचे नवल नाही. १९४५ साली डार्लिंग्टन यांच्याबरोबर त्यांनी लागवडीच्या वनस्पतींच्या गुणसूत्रांचा कोश प्रसिद्ध केला. १९५१ साली नेहरूंच्या बोलावण्यावरून त्या परत आल्या. काशाला उसाच्या पंक्तीला बसवणाऱ्या संस्थेत ह्या विदुषीला मानाने बसता आले नाही. ही गोष्ट सोडून पुढे जाणे आम्हांला जमत नाही.

महाराष्ट्राकडे वळू. १९३२ साली दोन गोष्टी घडल्या. साखरधंद्याला जकातीचे संरक्षण मिळाले, आणि नीरेच्या कालव्यावर पाडेगावला ऊस संशोधन केंद्र सुरू झाले. संरक्षणाने चार-पाच वर्षांत देशातले कारखाने तीस-बत्तीसवरून सव्वाशेच्या वर गेले. इतिहासाच्या पुस्तकांत श्रेय कायद्याला दिलेले असते. कायद्याने भाव राखला, खरे. पण गाळायला ऊस दिला तो कोइमतूरने. दख्खनच्या कालव्यांवर को ४१९ आला. हा पीओजे २८७८ चा लेक, म्हणजे जावाचे आणि कोइमतूरचे अशी दोन्हीकडची काशाची रक्ते त्यात मिळालेली. पुंड्या मागे पडला. १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरेचा सहकारी कारखाना सुरू झाला. सहकाराचे आपण पोवाडे गातो, त्यात को ४१९ चे नाव कोणी घेत नाही. १९५६ साली पाडेगावने को ७४० दिला. पुढे त्याला काणीने गाठले. १९९६ साली को ८६०३२ आला, त्याला नीरा हे नाव मिळाले, आणि पुढची कित्येक वर्षे महाराष्ट्राचा फार मोठा ऊस ह्या एकाच जातीचा होता. एक देह आणि एक रोग ही गोष्ट वर सांगितलीच आहे. उत्तर प्रदेशात को ०२३८ ह्या उत्तम जातीने बहुतेक क्षेत्र व्यापले आणि मग लाल कूज आली. शेतकऱ्याला ती जात सोडावी लागली.

हे केवळ उसाचे नव्हे. आपल्याकडे तळ्यांत, डबक्यांत आपोआप उगवणारा देवभात असतो. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे खायचे नाही म्हणून बाया तो आणतात. त्याच कुळातला एक रानभात उत्तर प्रदेशातील गोंडा भागातून फिलिपाइन्सच्या भात संशोधन संस्थेत गेला. तिथे खुरट्या रोगासाठी हजारो वाण तपासले. टिकाव धरला तो ह्याने. १९७६ च्या आयआर ३६ मध्ये त्याचेच रक्त आहे. तळे बुजवून इमारत उठते तेव्हा काय बुजले हे सातबारावर लिहिलेले नसते.

आता आमच्या धंद्याचा प्रश्न. काशाच्या रक्ताने उसाला काय दिले? फुटवा दिला, खोडवा दिला, रोगाला तोंड देण्याची ताकद दिली, आणि कठीणपणाही दिला. ह्यांतले पहिले तीन शेतकऱ्याच्या व कारखान्याच्या खात्यावर जमा होतात. चौथा कोयत्यावर पडतो. ऊसतोडीला बीड, अहिल्यानगरकडून येणाऱ्या नवराबायकोच्या जोडीलाच ‘कोयता’ म्हणतात. माणसाचे नाव हत्यारावरून पडते असा दुसरा धंदा आम्हांला माहीत नाही. मुकादमाची उचल घेऊन आलेल्या ह्या जोडीला पैसे मिळतात टनावर. जाड उसाला टन भरायला घाव कमी लागतात, बारीक उसाला जास्त. पाचट सहज सुटले तर मोळी लवकर बांधून होते. पानाच्या आवरणावर कूस असली तर हात सोलतात. म्हणजे जातीचा प्रत्येक गुण हा मजुरीच्या दराचा भाग आहे. को ८६०३२ चे पाचट सहज सुटते ही त्याच्या गुणवर्णनात लिहिलेली गोष्ट आहे, आणि तोडणाऱ्यांना ती कोणी सांगावी लागत नाही. पण दर ठरतो तेव्हा कारखान्याच्या बाजूने साखरेचा उतारा बोलला जातो आणि आमच्या बाजूने महागाई. उसाची जात कोणीच बोलत नाही. आमच्या संघटनांनीही ती बोलली पाहिजे होती.

सध्या मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आंबोलीच्या घाटमाथ्यावर ऊस फुलवून संकर करते. कण्णूरला १९६२ पासून देशोदेशींचे ऊस आणि काश जपून ठेवले आहेत, त्यांतले काही ज्या ओढ्यांवरून आणले ते ओढेच आता नाहीत. तोडणीचे यंत्र आले आहे. त्याला सरळ उभा राहणारा, न लोळणारा ऊस लागतो, आणि पाच फुटांची सरी लागते. निवडीच्या वाफ्यात त्या गुणाला आता वजन येऊ लागले आहे. यंत्राची मागणी संकरकारापर्यंत पोहोचायला दहा-बारा वर्षे पुरली. कोयत्याची मागणी, कूस नको, पाचट गळणारे हवे, कांडे जाड हवे, ही अजून कोणी कागदावर लिहून पाडेगावला नेलेली आमच्या पाहण्यात नाही. पुढच्या हंगामाच्या कराराआधी ती न्यावी, असे काही संघटनांशी आमचे बोलणे चालू आहे.