युनियन चॅपल, ओक ब्लफ्स

युनियन चॅपल : अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील मार्थाज व्हिन्यर्ड बेटावर ओक ब्लफ्स या गावी असलेले लाकडी, अष्टकोनी प्रॉटेस्टंट चर्च. बांधकाम १८७१. वास्तुकार सॅम्युएल फ्रीमन प्रॅट. हे चर्च कोणत्याही एका पंथाचे नाही, त्याला कायमचा पाळक नाही आणि उपासना भरते ती फक्त उन्हाळ्यात. सुट्टीपुरते कॉटेजांत राहायला येणाऱ्या कुटुंबांच्या आधारावर चालणारी अशी हंगामी चर्चे ईशान्य अमेरिकेच्या समुद्रकाठी आणि तळ्यांच्या काठी पुष्कळ आहेत. ती कशी जन्मली आणि कशी तगली, हे युनियन चॅपलच्या इतिहासात विशेष स्पष्ट दिसते.

या इतिहासाची सुरुवात चर्चपासून होत नाही, तंबूंपासून होते. १८३५ मध्ये एडगरटाऊनच्या जेरेमाया पीझ यांनी निवडलेल्या ओकच्या राईत मेथडिस्ट लोकांचा पहिला मेळावा भरला. मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली याच्या नावावरून या जागेला पुढे वेस्लियन ग्रोव्ह म्हणू लागले. पहिल्या वर्षी नऊ तंबू होते. मध्ये प्रवचनाचा मंच, समोर बाके आणि भोवती वर्तुळात तंबू, अशी मांडणी असे. एकेका गावच्या मंडळीचा एकेक मोठा तंबू; त्यात स्त्रिया आणि पुरुष यांच्यामध्ये कापडाचा पडदा. मेळावा ऑगस्टमध्ये, आठवडाभराचा. लोक येत ते पश्चात्तापासाठी, प्रार्थनेसाठी, गाण्यासाठी. पण समुद्राचा वारा, झाडांची सावली आणि ओळखीची माणसे यांचीही त्यांना ओढ लागली, आणि कुटुंबे स्वतःचे वेगळे तंबू ठोकून जास्त दिवस राहू लागली.

१८५९ नंतरच्या दशकात या तंबूंची लाकडी घरे झाली. घरे अरुंद, उभट छपराची. तंबूचे पुढचे पडदे दोन्हीकडे सारावेत तसा समोर दोन झडपांचा दरवाजा, वर छोटा सज्जा, चर्चसारख्या टोकदार कमानीच्या खिडक्या आणि छपराच्या कडेला करवतीने कोरलेली लाकडी झालर. भिंत म्हणजे एकमेकींत खाचेने बसवलेल्या फळ्यांचा एकच थर. घर कुटुंबाचे, पण खालची जमीन मेळावा भरवणाऱ्या संस्थेची, ही व्यवस्था आजही चालू आहे. भराच्या काळात अशी सुमारे ५०० घरे होती. आज ३०० च्या वर उरली आहेत. कॉटेजवस्ती आणि चर्च यांचे नाते इथे इतके जवळचे आहे की देवळासाठी वस्ती झाली की वस्तीसाठी देऊळ, हे सांगणे अवघड जावे. २००५ मध्ये वेस्लियन ग्रोव्हला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तुस्थळाचा दर्जा मिळाला.

मेळाव्याला लोटणारी गर्दी पाहून काही व्यावसायिकांनी शेजारची समुद्राकडेची जमीन घेतली आणि ओक ब्लफ्स लँड अँड व्हार्फ कंपनी काढली. रॉबर्ट मॉरिस कोपलँड या आखणीकाराने वळणदार रस्ते, मोकळी उद्याने आणि सुमारे १,००० भूखंड असा नकाशा करून दिला. शेजारी आंघोळीचे समुद्रकिनारे आणि करमणूक येणार, या धास्तीने मेथडिस्टांनी आपल्या राईला सात फूट उंचीचे लाकडी कुंपण घातले. वेळ पडलीच तर मेळावा तिकडे हलवता यावा म्हणून जवळच्या तळ्यापलीकडची उंचवट्यावरची जमीनही घेऊन ठेवली. तो हलवावा लागला नाही. त्या उंचवट्यावर पुढे बॅप्टिस्टांचे मेळावे भरले.

युनियन चॅपल बांधले ते या कंपनीने. त्यामागे व्यवहार होता, यात शंका नाही. ज्या गावात रविवारी उपासनेची सोय नाही तिथे त्या काळचे मध्यमवर्गीय प्रॉटेस्टंट कुटुंब भूखंड घेणार नाही, हे कंपनीला ठाऊक होते. घेणारे वेगवेगळ्या पंथांचे असणार, म्हणून चर्चही सर्वांचे. परंतु हेतू व्यापारी असला तरी फळ फार चांगले निघाले. घरी असताना काँग्रिगेशनल, बॅप्टिस्ट, एपिस्कोपल अशा वेगळ्या दारांनी जाणारी माणसे इथे एकाच बाकावर बसली. वर्षभराचा कारभार, मालमत्ता, पाळकाची निवड यांवरून मंडळ्यांत तंटे होतात. हंगामी चर्चला ते बरेचसे टळतात. पुष्कळ हंगामी चर्चांत हा मोकळेपणा आढळतो, आणि तोच त्यांचा सर्वांत मोलाचा गुण मानला पाहिजे.

प्रॅट यांची रचना या मोकळेपणाला साजेशी आहे. आठ बाजू, टप्प्याटप्प्याने वर चढत जाणारे छप्पर, वरच्या टप्प्यातील खिडक्यांतून उतरणारा उजेड, आतून उघडी दिसणारी लाकडी तुळयांची जुळणी आणि भोवताली सज्जा. कोणतेही आसन वक्त्यापासून फार दूर पडत नाही. तंबूंच्या वर्तुळाची आठवण इथे लाकडात उतरली आहे, असे मानायला जागा आहे. आवाज उत्तम घुमत असल्याने संगीताच्या कार्यक्रमांसाठीही वास्तू आवडती ठरली. प्रॅट यांचेच समुद्राकाठचे भव्य सी व्ह्यू हॉटेल (१८७२) १८९२ मध्ये जळून खाक झाले; चॅपल मात्र टिकले. शेजारच्या मेथडिस्टांनी १८७९ मध्ये आपल्या मोठ्या कापडी मंडपाच्या जागी लोखंडी खांबांचा, चारी बाजूंनी उघडा सभामंडप उभारला. तोही उभा आहे.

कामकाज साधे असते. जूनअखेर किंवा जुलैपासून सप्टेंबरच्या सुरुवातीच्या कामगार दिनापर्यंत दर रविवारी सकाळी उपासना होते. प्रवचनकार आठवड्याला नवा, बाहेरून बोलावलेला, अनेकदा दुसऱ्या पंथाचा. खर्च दानार्पणातून आणि देणग्यांतून भागतो, देखभालीचा भार थोड्या उत्साही कुटुंबांवर पडतो. अशा इमारती कडाक्याच्या थंडीसाठी बांधलेल्याच नसतात. हंगाम संपला की त्या बंद होतात. सभासदांची यादी छोटी असली तरी एकाच घरातल्या तीन-चार पिढ्या त्याच बाकांवर बसून गेलेल्या असतात.

विसाव्या शतकात मंडळी बदलली, आणि चॅपलच्या इतिहासातला हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. इतर किनारी गावांतली हॉटेले कृष्णवर्णीय पाहुण्यांना दारात उभे करत नसताना चार्ल्स आणि हेन्रिएटा शियरर या दांपत्याने १९१२ मध्ये ओक ब्लफ्समध्ये त्यांच्यासाठी अतिथिगृह सुरू केले. चार्ल्स शियरर हे जन्माने गुलाम. बेटावर त्यांना आणले ते बॅप्टिस्ट मेळाव्याने. पुढे ओक ब्लफ्स हे आफ्रिकन-अमेरिकन कुटुंबांचे देशातले एक प्रमुख उन्हाळी गाव झाले. कादंबरीकार डोरोथी वेस्ट इथेच राहिल्या. आज युनियन चॅपलच्या उन्हाळी व्यासपीठावर देशातले नामांकित कृष्णवर्णीय प्रवचनकार येतात आणि वंश व न्याय यांवरच्या जाहीर चर्चाही इथे भरतात. भूखंड विकण्यासाठी बांधलेल्या इमारतीला हे दुसरे आयुष्य तिथल्या माणसांनी मिळवून दिले.

महाराष्ट्राशी धागा बारीक, पण खरा आहे. मेळाव्यांच्या याच मेथडिस्ट परंपरेतला प्रचारक विल्यम टेलर १८७१ च्या अखेरीस मुंबईत आला आणि त्याच्या सभांतून मुंबईची मेथडिस्ट मंडळी उभी राहिली. हंगामी वस्तीचे चर्च आपल्याकडे महाबळेश्वरला १८४२ मध्ये उभे राहिले. तिथे वस्ती ओस पाडत असे तो मात्र हिवाळा नव्हे, पावसाळा.

चॅपलची मालकी आता बेटावरच्या ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या न्यासाकडे आहे. रविवारची उपासना पूर्वीप्रमाणे चालते. इतर दिवशी मैफली, व्याख्याने आणि लग्ने होतात.