अंगणवाडी आपल्याच किनाऱ्यावरची

आमच्या अर्नाळ्यातल्या बचत गटाच्या बैठकीत हप्ते-व्याज आटोपलं की बोलणं मुलांवर येतं. मागे एक प्रश्न निघाला आणि तो काही मिटेना. अंगणवाडीत पोरं नुसती खेळतात, मग पाठवायचं कशाला? त्यापेक्षा चार पैसे भरून अशा ठिकाणी घालू, जिथे तिसऱ्या वर्षीच हातात पेन्सिल देतात. आज त्याबद्दल बोलायचं ठरवलं आहे. कारण 'अंगणवाडी' ही कल्पना दिल्लीहून आपल्याकडे आलेली नाही, ती आपल्याच पालघर जिल्ह्यातून बाहेर गेली आहे.

डहाणूच्या पुढे, घोलवड स्टेशनजवळ बोर्डी गाव आहे. आपल्यासारखंच समुद्राकाठचं. १९४५ सालच्या डिसेंबरात ताराबाई मोडक यांनी तिथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. ताराबाई तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या. राजकोटला बायकांच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य असताना ती मानाची नोकरी सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात गेल्या होत्या. मूल आपल्या ओढीने शिकतं, छडीची भीती किंवा बक्षिसाची लालूच दाखवून नाही, हे दोघांचंही मत. मारिया माँटेसरींच्या पद्धतीवरून त्यांनी ते उचललं होतं. पण माँटेसरींची ती सुबक लाकडी साधनं महागडी. ती शहरातल्या शाळेला परवडायची. खेड्याचं काय, हा प्रश्न घेऊन ताराबाई बोर्डीला आल्या. त्यांच्यासोबत आल्या अनुताई वाघ, वय वर्षं पस्तीस. अनुताईंचं तेराव्या वर्षी लग्न झालं आणि काही महिन्यांतच वैधव्य आलं. त्यानंतर शिकून त्या शिक्षिका झाल्या होत्या.

त्या वेळचा हा मुलूख आठवा. त्याच १९४५ साली डहाणू-उंबरगावकडच्या वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला होता. गोदावरी परुळेकर त्यांच्यात हिंडत होत्या. ज्या घरात दोन वेळची पेज कठीण, तिथलं मूल बालवाडीत बसायला येणार कसं? शाळा उघडली म्हणून ते येत नव्हतं. तेव्हा या बायकांनी शाळाच उचलून वस्तीवर नेली. कुणाच्या तरी अंगणात मुलं जमवायची, त्यांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे, गाणी म्हणायची, गोष्टी सांगायच्या, खेळायचं. अंगणात भरते ती अंगणवाडी. महागड्या साधनांच्या जागी शंख-शिंपले, बिया, खडे, पानं-फुलं आली.

यात नुसती काटकसर होती असं आम्हाला वाटत नाही. आपल्याकडची चार-पाच वर्षांची पोर आईशेजारी बसून मांदेली वेगळी, करंदी वेगळी, मोठी इकडे, बारीक तिकडे करते. तिला आकडा लिहिता येत नसतो, पण गणिताची पहिली पायरी ती चढलेली असते. जाळ्याच्या दोऱ्याला गाठ मारणारी, वाळूत किल्ला रचणारी बोटंच पुढे पेन्सिल नीट धरतात. ती तयार नसताना अक्षरं गिरवायला लावली की हात दुखतो आणि शाळेचं नाव काढलं की पोटातही दुखायला लागतं! हे आम्ही गावात पाहिलं आहे.

१९५६-५७ च्या सुमारास हे काम बोर्डीहून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आम्हाला सगळ्यात जवळचा वाटतो तो तिथलाच भाग. वारली मुलं गुरं राखायला जायची, म्हणून शिक्षक कुरणात गेले. गुरं चरायची आणि तिथेच शिकणं चालायचं. तिला नाव पडलं कुरणशाळा. मोठ्या मुली येत नव्हत्या, कारण काखेत धाकटं भावंड. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणली, तिला विकासवाडी म्हटलं. तान्हं पाळण्यात, मधलं खेळात, थोरली वर्गात. त्या मुलीला अभ्यासाची गोडी नाही, असं तिथे कुणी म्हटलं नाही. तिच्या काखेतलं ओझं आधी उतरवलं.

आता आपल्याकडे बघा. पहाटे टोपली घेऊन गाडी पकडणाऱ्या बाईच्या घरी धाकट्याला कोण सांभाळतं? थोरली मुलगीच. शाळेत तिचे खाडे लागतात आणि आपण म्हणतो, हिला शिकायची हौसच नाही. सुकट वाळवायच्या दिवसांत तर विचारूच नका. ही अडचण कोसबाडला सुटली होती, तीही हाताशी आजच्याइतकी साधनं नसताना.

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाला, १९७३ साली त्या गेल्या. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना ३३ ठिकाणी सुरू केली, तिच्या केंद्रांना नाव दिलं अंगणवाडी. आज ते नाव देशभर गावोगाव पाटीवर आहे. अनुताई १९९२ सालापर्यंत होत्या, त्यांनी ते पाहिलं. मात्र नावाबरोबर सगळा खेळ गेला असं नाही. आपल्या सेविकाताईंचा कितीतरी वेळ वजनं, नोंदी, आहार आणि मोबाईलवरची माहिती भरण्यात जातो. खेळायला उसंत कुठली? त्यांना नावं ठेवण्याआधी हे बघायला हवं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही तीन ते सहा वर्षांच्या मुलांनी खेळातून शिकावं असंच म्हटलं आहे, तेव्हा खेळ मागायला आपण संकोचायचं कारण नाही.

आमच्या गटाने दोन गोष्टी ठरवल्या आहेत. आठवड्यातून एकदा दोघी-दोघींनी पाळीने अंगणवाडीत जाऊन बसायचं, एकीने गाणी-गोष्टी घ्यायच्या, दुसरीने ताईंना हात द्यायचा. आणि बाजाराच्या वेळेत धाकट्यांसाठी पाळणाघराची जागा मिळावी, हा अर्ज येत्या ग्रामसभेत द्यायचा. त्यावर सह्या हव्यात. सह्या करायला याल तेव्हा घरातल्या नारळाच्या करवंट्या, धुतलेले शिंपले आणि जाळ्याची जुनी बुचं पिशवीत घालून आणा.