लाखोरीचे वरण

अन्नातील भेसळ हा धडा शिकवताना विज्ञानाचे शिक्षक फळ्यावर एक तक्ता काढतात. मिरचीपुडीत विटेची पूड, मिऱ्यांत पपईच्या बिया, तूरडाळीत आणि बेसनात केसरी डाळ. परीक्षाही दिलेली असते. डाळीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल ओतून भांडे पंधरा मिनिटे गरम पाण्यात ठेवावे. गुलाबी रंग आला तर केसरी डाळ आहे असे समजावे. (रंग क्षणात आला तर तो बहुधा मेटॅनिल यलो या पिवळ्या रंगाचा असतो. हे सांगायचे पुष्कळदा राहून जाते.) इतर ठिकाणच्या वर्गांत हा तक्ता निमूटपणे उतरवून घेतला जातो. परंतु लाखनी, लाखांदूर, पवनी किंवा साकोली तालुक्यातल्या एखाद्या शाळेत शिक्षकाने सहज म्हटले, की केसरी डाळ म्हणजेच आपली लाखोरी, तर मागच्या बाकावरून प्रश्न येणारच, "सर, पण ती तर आमच्या घरी रोज शिजते!"

या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. तक्त्यात जी भेसळ आणि कायद्यात जे विष, ते भंडारा जिल्ह्यातल्या कित्येक पिढ्यांचे साधे वरण आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या कशा, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. सुरुवात मात्र धानाच्या बांधीपासूनच केली पाहिजे.

भंडारा हा तलावांचा आणि धानाचा जिल्हा. पावसाळ्यात बांधीत पाणी साठवून धान घ्यायचे, आणि धान कापल्यावर जमीन मोकळी. नांगरायला जावे तर चिखल घट्ट होऊन ढेकळे निघतात, आणि ती फोडेपर्यंत ओल उडून जाते. यावर येथील शेतकऱ्याने काढलेली तोड म्हणजे उतेरा. धान अजून उभेच असते, लोंबी पिवळी पडू लागलेली असते, बांधीतले पाणी उतरून चिखल राहिलेला असतो. अशा वेळी, कापणीच्या दोनेक आठवडे आधी, लाखोरीचे बी त्या उभ्या धानात मुठीने फेकतात. नांगरट नाही, वखरणी नाही, खत नाही, पाणी नाही. धान कापले जाते तेव्हा त्याच्या धसांमध्ये लाखोरी कोंब काढून उभी असते. उरलेल्या ओलीवर आणि हिवाळ्याच्या दवावर ती वाढते, निळ्या-जांभळ्या फुलांनी बांधी भरून जाते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये पीक हाती येते. शेंगवर्गातली वनस्पती असल्यामुळे तिच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतील नायट्रोजन जमिनीत आणतात. म्हणजे पुढच्या धानाला थोडे खतही मिळते. खर्च काय तो बियाण्याचा.

घरात आल्यावरही ती कमी खर्चाचीच. कोवळे शेंडे खुडून भाजी होते, आणि जास्त निघाले तर उन्हात वाळवून पुढच्या दिवसांसाठी ठेवता येतात. दाणे भिजवायचे, वाळवायचे, जात्यावर भरडायचे आणि सुपात पाखडून टरफल वेगळे करायचे; डाळ घरच्या घरी तयार. टरफल आणि भुसा गुरांना. डाळीचे वरण, वाटून वडे, दळून पीठ. प्रथिनांच्या दृष्टीने पाहिले तर ही गरिबाची डाळ श्रीमंत आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या कोष्टकांत शंभर ग्रॅम तूरडाळीत सुमारे २२ ग्रॅम प्रथिने दिली आहेत, केसरी डाळीत सुमारे २८. दुष्काळात इतर पिके जळाली तरी ही तग धरते. आणि तिच्या इतिहासातली सारी दुःखे या एका गुणातूनच निघाली आहेत.

१८४४ साली कर्नल स्लीमन यांचे प्रवासवर्णन प्रसिद्ध झाले. ठगांचा बंदोबस्त करणारे म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण ते गावोगावच्या शेतीचेही बारकाईने निरीक्षण करीत. सागर भागातल्या एका गावाची हकिकत त्यांनी दिली आहे. १८२९ साली गारपिटीने गहू गेला, १८३० साली पाऊस वेळेवर न आल्याने पीक उणे झाले, १८३१ साली रोगाने. या तिन्ही वर्षांत गव्हात आपोआप उगवणारी तिवरी, म्हणजेच लाखोरी, मात्र जोमाने वाढली. एरवी ती गुरांना घालीत. आता माणसांनी दाणा खाल्ला आणि गुरांना पाला-काड्या घातल्या. १८३३ पासून गावातली तिशीच्या आतली माणसे कमरेखाली लुळी पडू लागली. वेदना फारशा नाहीत, ताप नाही, बुद्धी शाबूत. पण पाय गेले ते गेलेच.

१८६१ साली मध्य प्रांत स्थापन झाला तेव्हा सागर आणि भंडारा हे दोन्ही जिल्हे त्यात आले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन भीषण दुष्काळांनंतर प्रांतात असे रुग्ण पुन्हा दिसू लागले. सरकारी वैद्यकीय अधिकारी अँड्र्यू ब्युकॅनन यांनी १८९६ ते १९०२ या काळातील रुग्णांची पाहणी करून १९०४ साली नागपुरात अहवाल छापला. तोवर युरोपात या रोगाला नाव मिळाले होते: इटलीतील कँतानी यांनी १८७३ साली त्याला 'लॅथिरिझम' म्हटले, लॅथिरस या वनस्पतीच्या शास्त्रीय नावावरून. युरोपलाही हा रोग परका नव्हता. १८११-१२ च्या माद्रिदच्या दुष्काळावर चित्रकार गोया यांनी केलेल्या एका चित्रात याच दाण्याच्या पिठाची पेज वाटली जात आहे आणि समोर एक बाई जमिनीवर पडली आहे. चित्राच्या नावात त्या दाण्याचे आभार मानले आहेत. ते उपरोधाने की मनापासून, हे मला ठरवता आलेले नाही, दोन्ही असावे.

या रोगाच्या पायऱ्या वैद्यकाच्या पुस्तकांत काठीने मोजतात, हे वाचून अंगावर काटा येतो. पहिल्या पायरीत चालणे अवघडते, पण काठी लागत नाही. मग एक काठी, पुढे दोन, आणि शेवटी पाय मुडपून हातांवर सरपटणे.

आता एक साधा प्रश्न. लाखोरी भंडाऱ्यातही खात आणि रीवा-सतनाकडेही खात. मग रोगाची राजधानी म्हणून रीव्याचेच नाव का झाले? १९६४ साली द्विवेदी आणि प्रसाद यांनी रीवा जिल्ह्याची पाहणी प्रसिद्ध केली. त्या भागात जमीनदाराकडे बांधलेल्या मजुराला मजुरी पैशांत न मिळता धान्यात मिळे, आणि ते धान्य म्हणजे बहुतांशी हीच डाळ असे. तिचेच पीठ, तिचीच भाकरी, महिनोन्‌महिने. आहाराचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक जर लाखोरीचा असेल आणि असे दोन-तीन महिने सलग चालले, तर रोगाचा धोका सुरू होतो असे सर्वसाधारणपणे मानले जाते. मजुराच्या ताटात दुसरे काही येण्याची सोयच नव्हती. भंडाऱ्याच्या ताटात भात आधी येतो, वरण त्याच्यावर. गरीब घरातही डाळ ही भाताला लावण्यापुरती. थोडक्यात, एका ठिकाणी लाखोरी तोंडीलावणे होती, दुसऱ्या ठिकाणी ती वेतन होती.

याचा सर्वांत निर्घृण पुरावा शेतापासून फार दूर सापडतो. दुसऱ्या महायुद्धात रुमानियाच्या ताब्यातील वाप्निआर्का येथील छावणीत १९४२ च्या शरद ऋतूत ज्यू राजबंद्यांना मुख्यतः याच दाण्याचे सूप आणि थोडी पाव-भाकरी देण्यात आली. काही महिन्यांतच शेकडो तरुणांचे पाय गेले. त्यांच्यातच कैदी असलेले डॉ. आर्थर केसलर यांनी रोग ओळखला आणि बंद्यांनी ते अन्न नाकारले. तेथे दुष्काळ नव्हता; दुसरे अन्न न देण्याचा निर्णय होता.

१९६१ साली भारत सरकारने अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत ४४-अ हा नियम घातला. राज्याने अधिसूचना काढली की त्या राज्यात केसरी डाळ आणि तिचे पदार्थ विकणे किंवा विक्रीसाठी बाळगणे गुन्हा. महाराष्ट्र राज्य तेव्हा जेमतेम एक वर्षाचे होते. त्याने बंदी लागू केली. नियम नीट वाचावा. त्यात विक्रीला मनाई आहे. डाळीत मजुरी चुकवण्याबद्दल अवाक्षर नाही. आणखी एक गमतीची, किंवा खेदाची, गोष्ट म्हणजे बंदी आली तेव्हा डाळीतले विष कोणते हेच ठाऊक नव्हते! ते १९६४ साली कळले. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राव, अडिगा आणि सर्मा यांनी, आणि स्वतंत्रपणे दिल्लीत मूर्ती, शेषाद्री आणि वेंकटसुब्रमणियन यांनी, दाण्यातून एक अमिनो आम्ल वेगळे केले. त्याचे लांबलचक नाव आखडून आपण 'ओडॅप' म्हणू. आपल्या चेतापेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी ग्लुटामेट वापरतात. ओडॅपची रचना त्याच्याशी मिळतीजुळती असल्यामुळे पेशी फसते, वाजवीपेक्षा अधिक उद्दीपित होत राहते आणि अखेर मरते. पायांच्या हालचालींचे हुकूम मेंदूकडून आणणाऱ्या पेशींना याचा फटका सर्वाधिक बसतो.

पण या विषात एक दुबळेपणा आहे. ते पाण्यात विरघळते. १९६६ साली हैदराबादच्या प्रयोगशाळेतील मोहन, नागराजन आणि गोपालन यांनी ते काढून टाकण्याच्या सोप्या घरगुती रीती प्रसिद्ध केल्या. भरपूर पाणी उकळावे, त्यात डाळ सुमारे दोन तास भिजत ठेवावी, ते सर्व पाणी ओतून द्यावे, डाळ स्वच्छ पाण्याने धुऊन उन्हात वाळवावी. विषाचा बहुतेक भाग त्या पाण्याबरोबर निघून जातो. (ब जीवनसत्त्वांचाही काही भाग जातो, फुकट काहीच मिळत नाही.) दुसरी रीत अख्खे दाणे उकडण्याची, उकड्या तांदळासारखी. यात असे काहीही नाही जे भंडाऱ्याच्या चुलीवर करता येणार नाही. एक हंडा, सरपण आणि ऊन. मात्र ही माहिती छापली गेली संशोधनपत्रिकेत, आणि गावात पोचली ती बंदी.

बंदीने लाखोरी थांबली नाही, तिची किंमत पडली. चोरट्या मालाला भाव कोण देणार? जी डाळ उघड विकता येत नव्हती ती बेसनात आणि तूरडाळीत मिसळून, डाळीच्याच भावाने, विकता येत होती. म्हणजे आपल्या तक्त्यातली भेसळ काही अंशी या नियमानेच जन्माला घातली असे म्हणावे लागते. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी या बंदीविरुद्ध अनेक वर्षे लढा दिला, उपोषणे केली. विदर्भात पिढ्यान्‌पिढ्या लाखोरी खाऊनही लोक लुळे पडलेले नाहीत हे त्यांचे म्हणणे. २००८ साली महाराष्ट्र शासनाने राज्यातील बंदी उठवली. केंद्रीय नियमांतली मनाई मात्र २०११ च्या नव्या नियमावलीतही आली. जुन्या भंडारा जिल्ह्याचाच भाग असलेल्या गोंदियात झालेली एक पाहणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात लाखोरीचे खाणे कमी झालेले आणि रोगाचे प्रमाण अत्यल्प आढळले.

डॉ. कोठारींचे म्हणणे पुष्कळसे पटते. तरी 'लाखोरी निर्धोक आहे' असे सरसकट वाक्य मी वर्गात उच्चारणार नाही. इथिओपियात दुष्काळाच्या काळी झालेल्या रोगाचा अभ्यास गेताहून, लँबेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केला, आणि तो आपल्या स्वयंपाकघराशी थेट बोलतो. नुसते उकडलेले दाणे आणि विशेषतः कच्चे हिरवे दाणे खाणाऱ्यांत धोका वाढलेला दिसला. धान्याबरोबर मिसळून खाणाऱ्यांत तो बराच कमी होता, आणि मसाला घातलेल्या पातळ कालवणातही कमी. डाळीत गंधकयुक्त अमिनो आम्ले थोडी असतात आणि तृणधान्ये ती उणीव भरून काढतात, असे त्यामागचे स्पष्टीकरण दिले जाते. वरण-भाताची जोडी कोणी शास्त्र वाचून बसवली नव्हती, पण ती बसली होती. उलट, शेताच्या कडेने जाता-येता हिरव्या शेंगा सोलून तोंडात टाकणारी मुले आपल्या वर्गात असतील. चार दाण्यांनी काही होत नाही. पण टंचाईच्या वर्षी त्यांच्यावरच पोट भरायचे नाही, हे त्यांना आवर्जून सांगितले पाहिजे.

दरम्यान वनस्पतिशास्त्रज्ञ दुसऱ्या बाजूने कामाला लागले होते. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचे 'पुसा २४' आणि पुढे त्यातूनच काढलेले 'रतन', रायपूरच्या कृषी विद्यापीठाचे 'प्रतीक' आणि 'महातिवडा' हे वाण कमी ओडॅपचे आहेत. २०१६ च्या आरंभी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीने यांतील रतन, प्रतीक आणि महातिवडा या वाणांना अनुकूल मत दिल्याच्या बातम्या आल्या. शेतकऱ्याला हे बियाणे मिळाले तरी एक अडचण उरते. लाखोरीचे फूल बहुतांशी स्वतःच्याच परागांनी फळते, पण सर्वस्वी नव्हे. एका बांधीत नवे बियाणे, धुऱ्यापलीकडच्या बांधीत आजोबांच्या वेळचे जुने, दोन्हीकडे तीच निळी फुले, आणि मधमाशी दोन्हीकडे जाते. तीन-चार हंगाम घरचेच बी राखले की त्यातला कमीपणा किती टिकला, हे डोळ्यांना दिसत नाही. तक्त्यातल्या आम्लालाही ते सांगता येत नाही.